शनिवारचे दोन घास

माझ्या हातच्या पेशी कधी उपाशी मेल्या नाहीत. सव्वीस वर्षं मी या प्रयोगशाळेत स्नायूंच्या पेशी वाढवते आहे. तीन साहेब आले नि गेले, दोनदा छत गळलं, एकदा पेशींना ऊब देणारा अख्खा इन्क्युबेटर बंद पडला. पण सोमवारी सकाळी दार उघडावं आणि प्लेटांमध्ये पेशी मरून पडलेल्या दिसाव्यात, असं एकदाही झालं नाही. तोंडावर मला सगळे 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'सासूबाई'. मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

आणि ही मुंगी येऊन मला सांगते, 'बाई, पेशी ऐकत नाहीयेत.'

मुंगी म्हणजे आमच्याकडे संशोधनाला आलेली मुलगी. बारीक, गप्प, सदा कामात, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायला लागले आणि तिनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. चार महिने झाले होते तिला. ती दर सोमवारी प्रयोग करायची, कारण निकाल बघायचं मशीन शेजारच्या विभागाचं, आणि ते आमच्या वाट्याला यायचं सोमवार-मंगळवारीच.

आमच्या सरांचा विषय मधुमेह. दुसऱ्या प्रकारचा, चाळिशी-पन्नाशीत पाहुण्यासारखा येतो आणि मग जायचं नाव घेत नाही, तो. या आजारात अंगात इन्सुलिन असतं, कधीकधी चांगलं भरपूर असतं, पण पेशी त्याला दाद देत नाही. पेशीच्या अंगावर इन्सुलिनसाठी रिसेप्टर असतो. दाराची कडीच म्हणा ना. इन्सुलिनने कडी वाजवली की आत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो आणि शेवटी साखर आत घेतली जाते. सरांचं म्हणणं असं, की पेशीवर ताण आला तर कडी वाजते, पण निरोप मधेच अडकतो. हे दाखवायला मुंगीला दोन प्लेटा लागायच्या. एक साधी, निरोगी पेशींची. दुसरीत ताण आणणारं औषध. दोन्हींत इन्सुलिन घालायचं. निरोगी प्लेटमध्ये निरोप पोचल्याची काळीभोर रेघ उमटायला हवी, ताणाच्या प्लेटमध्ये फिकी.

फिकी दोन्हींत यायची. दर सोमवारी.

आता पेशी माझ्या, मीडियम माझं. मीडियम म्हणजे त्यांचं खाद्य, गुलाबी पाण्यासारखं दिसतं. ते मी स्वतः बनवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मग दोष कुणाचा? मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की या पोरीचा हात कच्चा आहे. इन्सुलिनची बाटली बाहेर विसरत असेल. थेंब मोजायला चुकत असेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तिने एकदा घाबरत घाबरत विचारलंही, 'बाई, पेशींच्या खाण्यात काही फरक तर नसेल ना?' मी म्हटलं, 'तुझ्या जन्माच्या आधीपासून मी यांना जेवायला घालतेय.' पोरीने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

या चार महिन्यांत एकच सोमवार तिला साधला. काळीभोर रेघ, अगदी पुस्तकात असावी तशी. त्या आठवड्यात मी नव्हते. माझ्या ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून शुक्रवार ते बुधवार तिच्याकडे होते. पुढच्या सोमवारी मी परत कामावर, आणि रेघ परत फिकी.

सरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. सर कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्तच भीती वाटते. त्यांच्यासमोर मुंगीच्या सगळ्या सोमवारांच्या रेघांचे, मशीनवर काढलेले फोटो ओळीने मांडलेले. त्यांनी तो एक चांगला फोटो उचलला आणि विचारलं, 'बाई, तुम्हाला काय वाटतं?'

मी पटकन बोलून गेले, 'मी नव्हते तेव्हाच बरं जमलं!'

एवढंच बोलले. पण त्याचा अर्थ काय होतो हे खोलीतल्या तिघांनाही कळलं. नजर ठेवायला कुणी नव्हतं, तेव्हा पोरीने फोटोत काहीतरी हातचलाखी केली. मुंगीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं.

सर म्हणाले, 'पुढच्या सोमवारी बाईंच्या डोळ्यांदेखत प्रयोग कर. जमला तर प्रश्नच मिटला. नाही जमला तर हा एक निकाल खोटा धरावा लागेल, आणि मला तसं वर लिहून द्यावं लागेल.'

खोटा निकाल देणाऱ्या मुलीला पुढे कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करत नाही. तिचं सगळं शिक्षण त्या एका ओळीने मातीत जाणार होतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं, की करावं तसं भरावं.

घरी गेले तर तिथे वेगळंच रामायण. आमचे हे शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही. सगळ्या जगाची कंबर मोजतील, पण स्वतःची मोजायची वेळ आली की टेप हरवते. सहा वर्षं झाली त्यांना साखरेचा त्रास सुरू होऊन. त्या दिवशी नवा रिपोर्ट मशीनवर ठेवला होता, शर्टाच्या कापडाखाली अर्धा लपवलेला. मी ओढून काढला. साखर वर.

'कुठे खाल्लंत?' मी विचारलं.

'कुठेही नाही.'

'समोरच्या बेकरीत?'

'अगं, बेकरीवाल्याचे कपडे शिवतो मी, त्याचा माल खात नाही.'

'मग ही साखर काय आभाळातून पडली? खिसे दाखवा.'

दाखवले बिचाऱ्यांनी. खिशात खडू, दोन बटणं आणि सुई टोचलेली चिंधी. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांच्या संसारात तसं फार वेळा पाहिलं नसेल.

'मी चोरून खात नाही,' ते म्हणाले. 'तू उघड उघड खायला घालतेस. डॉक्टरांनी मोजून दिलेलं जेवण मी जेवतो. मग अकराला तू फोन करतेस, गोळी घेतली असेल, चक्कर येईल, डब्यातलं फळ खा. चारला बिस्किटं. सहाला दूध, कारण दिवसभर मशीन मारून दमला असाल. झोपताना मूठभर दाणे, पोटात काही नको का म्हणून. नाही म्हटलं की तुझं तोंड एवढंसं होतं. म्हणून खातो.'

'तुमच्या काळजीनेच ना?'

'काळजीनेच गं. तू ताईंकडे गेलीस त्या आठवड्यात साखर खाली आली होती की नाही? तेव्हा तू मला फोनवर काय म्हणालीस? तपासणीच्या आदल्या दिवशी मुद्दाम उपाशी राहिलात, फसवता मला. मी फसवलं नव्हतं. तू नव्हतीस, एवढंच.'

मी भांडी आपटली. खूप आपटली. चांगुलपणाचं हे फळ, असं पुटपुटत झोपले.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटी होते. शनिवारचं माझं काम ठरलेलं. रविवारी सुट्टी असते, त्या दिवशी पेशींकडे कुणी बघत नाही. म्हणून शनिवारी त्यांना दोन घास जास्त. हे मला माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं होतं, मी नवी होते तेव्हा. मीडियम थोडं दाट करायचं, साखर जास्त, रक्तापासून काढलेलं पौष्टिक सीरम जास्त, वर स्निग्ध पदार्थाचे चार थेंब. नोंदवहीत फक्त 'खाद्य बदललं' असं लिहायचं. आमटीत मीठ किती पडलं हे कुणी वहीत लिहितं का? हात सांगतो, आपण घालतो.

प्लेटा बाहेर काढल्या. बाटली तिरकी केली. आणि हात तसाच राहिला.

तू नव्हतीस, एवढंच.

ताईकडे गेले त्या शनिवारी हे दोन घास कुणी घातले होते? कुणीच नाही. मी बनवून ठेवलेलं साधं मीडियम मुंगीने शुक्रवारी घातलं असणार, तिच्या वहीत लिहिलंय तसं, मापात. सोमवारी पेशींनी इन्सुलिनचं ऐकलं. मी परत आले, घास परत सुरू झाले, पेशी परत बहिऱ्या. मी स्टुलावर बसले.

वर्षभर सरांची भाषणं ऐकत होते मी, प्लेटा धुता धुता. पेशीच्या आत एक जागा असते, तिथे प्रथिनं घडवली जातात. खाणं डोईजड झालं, की त्या जागेवर काम साचतं. मग पेशी आतल्या आत धोक्याची घंटा वाजवते, आणि त्या गोंधळात इन्सुलिनचा निरोप अडवला जातो. शाळा उघडायच्या आधी आमच्या ह्यांच्याकडे गणवेशांचा ढीग पडतो तेव्हा असंच होतं. दारावरची बेल वाजते, ह्यांना ऐकूही येते, पण उठत नाहीत. बेल बिघडलेली नसते. माणूस कामाखाली गाडलेला असतो. हे सगळं मला येत होतं, परीक्षेला बसवलं असतं तर पास झाले असते. फक्त ढीग मीच आणून टाकतेय हे कळत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुंगीची निरोगी प्लेट कधी निरोगी नव्हतीच. मी खाऊ घालून घालून तिला आजारी पाडत होते.

आता खरं सांगते, लपवून काय करू? माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की गप्प बसावं. आज दोन घास घालू नयेत, बस. सोमवारी प्रयोग जमेल, पोरगी वाचेल, सरांना काही कळणार नाही, माझी सव्वीस वर्षं शाबूत. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. मी दाट मीडियम सिंकमध्ये ओतलं, साधं मीडियम मोजून घातलं, इन्क्युबेटरचं दार लावलं आणि घरी गेले. ह्यांना म्हटलं, 'तुमचं बरोबर होतं.' ते म्हणाले, 'आज सूर्य पश्चिमेला उगवला काय?' पण चारची बिस्किटं मी त्यांना दिली नाहीत, आणि त्यांनी मागितलीही नाहीत.

सोमवारी मुंगी आली ती रात्रभर न झोपल्यासारखी. मी शेजारी उभी. तिने हातमोजे घातले, इन्सुलिन घातलं, घड्याळ लावलं. इतका स्वच्छ हात! चार महिन्यांत मी तिच्या हाताकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, नुसती खोट शोधत होते. मंगळवारी दुपारी मशीनवर फोटो उमटला. एक रेघ काळीभोर, दुसरी फिकी. जशी हवी तशी.

सर खूश. म्हणाले, 'बघितलंस? बाई शेजारी उभ्या राहिल्या तर हात कसा सरळ चालतो!' आणि माझ्याकडे वळून, 'थँक यू, बाई.'

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

कारण मुंगी हसली नाही. ती फोटो हातात घेऊन उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, 'सर, मला थांबता येणार नाही.'

'म्हणजे?'

'मी या वेळी काहीच वेगळं केलं नाही. चार महिने जे करत होते तेच केलं. त्या एका सोमवारीही तेच केलं होतं. कधी येतं, कधी येत नाही, आणि का ते मला कळत नाही. म्हणजे माझ्या हातातच दोष आहे.' तिने श्वास घेतला. 'मी घरी पाण्याचे थेंब मोजायचा सराव करते, सर. रोज. एकेक तास. तरी असं होतं. आईला मी सांगून टाकलंय, की मला हे काम जमणार नाही. उद्या माझ्यामुळे खोटं काहीतरी छापलं जायचं. त्यापेक्षा मी जाते.'

तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. राजीनामा लिहूनच आणला होता पोरीने, प्रयोग जमला तरी द्यायचा म्हणून.

मी आयुष्यात पुष्कळांना रडवलं असेल. पण एखाद्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच काढून घ्यायचा, हे पाप मी कधी केलं नव्हतं. केलं होतं. चार महिने करत होते.

'ठेव तो कागद,' मी म्हटलं. 'तुझ्या हातात काही दोष नाही. दोष माझा आहे.'

आणि मग सगळं सांगितलं. शनिवार. दोन घास. दाट मीडियम. ताईचं ऑपरेशन. गेल्या शनिवारी गुपचूप सिंकमध्ये ओतलं तेही. मधे कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

सरांनी चष्मा काढला. 'सव्वीस वर्षं, बाई?'

'हो.'

'आणि नोंदवहीत नाही?'

'नाही.'

'आधीच्या साहेबांचा विषय वेगळा होता, त्यांच्या कामाचं बघता येईल,' ते म्हणाले. 'पण माझ्या प्रत्येक सोमवारचं काम पहिल्यापासून करावं लागेल.' ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसले.

मुंगीने मात्र मला एकामागून एक विचारलं. किती जास्त? दीडपट. साखर किती? सांगितली. स्निग्ध पदार्थ कुठला? बाटली दाखवली. एकही शनिवार चुकला नाही? तो एकच. सगळं लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवलं.

'मी तुम्हाला विचारलं होतं, बाई,' ती म्हणाली. 'खाण्यात फरक आहे का, म्हणून.'

'विचारलं होतंस.'

'आणि सरांसमोर तुम्ही मला चोर ठरवलंत.'

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ती बाजूला झाली. बरोबरच होतं तिचं.

सर म्हणाले, की नुसतं सांगून भागणार नाही, आता हे सिद्ध करून दाखवावं लागेल. पुढच्या शनिवारी मी दोन प्लेटांना खाद्य घातलं. एकीला मापात, दुसरीला माझे दोन घास, आणि या वेळी थेंबन् थेंब वहीत लिहिला, खाली सही केली. एवढी साधी ओळ लिहायला माझे हात जड झाले होते. सोमवारी मुंगीने दोन्हींत एकच इन्सुलिन घातलं, एकाच बाटलीतलं, एकाच वेळी. औषध-बिषध काही नाही. मंगळवारी आम्ही तिघं मशीनसमोर उभे राहिलो.

मापात जेवलेल्या पेशींची रेघ काळीभोर. माझ्या लाडक्यांची फिकी. रिसेप्टर दोन्हींकडे सारखाच होता, तोही तिने तपासून दाखवला. कडी दोघींची वाजली होती, ऐकलं एकीनेच.

सर म्हणाले, 'औषध घालून ताण आणण्यापेक्षा हे खऱ्या आजाराच्या जास्त जवळचं आहे. हे पुढे न्यायला पाहिजे. तू नेशील?' आणि उत्तराची वाट न बघता खोलीबाहेर गेले. मला वाटतं मुद्दामच गेले.

मुंगी फोटोकडे पाहत होती. मग तिने स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. 'दोन्ही रेघा माझ्याच हातच्या आहेत,' ती म्हणाली, जणू कुणाशी तरी भांडत होती. आणि ढसाढसा रडली. या खेपेला मी हात पुढे केला नाही. नुसती जवळ उभी राहिले.

डोळे पुसून झाल्यावर ती म्हणाली, 'बाई, मला तुमचा खूप राग आला होता.'

'होता?'

तिने विचार केला. 'आहे. अजून आहे.'

'असू दे,' मी म्हटलं. 'राग ठेव. पण थांब.'

तिने राजीनाम्याचा तो कागद खिशातून काढला, दोनदा फाडला आणि तुकडे माझ्या हातात दिले.

'थांबते,' ती म्हणाली. 'पण शनिवारी मी येणार. तुमच्या शेजारी उभी राहायला.'